कार्बनखालचा कागद

परभणी जिल्ह्यात कोणी सहलीला जात नाही. मीही सहलीला गेले नव्हते. तरी परत आल्यापासून जीव सारखा तिकडे ओढ घेतोय, म्हणून हे लिहायला बसले. दुसरंही एक कारण आहे. याच प्रवासाचा रीतसर अहवाल मी कॉलेजात दिला होता, आणि त्यातली मला सगळ्यात प्रिय असलेली दोन पानं आमच्या मोठ्या बाईंनी लाल शाईने उभी-आडवी खोडली. खोडा म्हणावं! इथे कोणी खोडणारं नाही.

मी मूळची चिपळूणची, नोकरीने पुण्याची. शाळेत शिकवते. त्या वर्षी रजा काढून एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसले होते. जी मुलं आपल्यातच गुंग असतात, नजरेला नजर देत नाहीत, बोलत नाहीत किंवा ऐकलेलंच बोलत राहतात, त्यांना शिकवायचं कसं, याचा तो अभ्यासक्रम. ऑटिझम हा शब्द तेव्हा कितीतरी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हता. मोठ्या बाई 'आत्ममग्न' म्हणत. वर्गात आम्ही अकरा जण, त्यात छत्तिशीची मी सगळ्यात थोराड. पोरीसोरी मला 'काकू' म्हणायच्या आणि माझ्याच वह्या उतरवून काढायच्या.

या वयात वहीपेन्सिल घेऊन का बसले, तर मधूसाठी. मधू माझा धाकटा भाऊ. तिशी उलटली तरी तो आपल्यातच असतो. त्याला दोनच गोष्टी प्रिय. एक, एस.टी.ची तिकिटं, कंडक्टरने पाडलेली भोकं एका बाजूला येतील अशी ती लावत तो तासन्‌तास बसतो. दुसरी, तेच ते पुन्हा ऐकणं. आई रोज तिन्हीसांजेला स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मांडून बसायची आणि हाताला लागेल ते त्याला वाचून दाखवायची. पंचांगाचं पान असो की वाण्याच्या पुडीचा कागद. वाचून झालं की मधू म्हणायचा, "पुन्हा." आई पुन्हा वाचायची. एवढा एकच शब्द तो न चुकता, जिथल्या तिथे बोलतो.

त्या मार्गशीर्षात आई गेली. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, ती राहून गेली. ती पुढे येईलच. मधूला चिपळूणच्या घरी मावशीच्या हवाली करून जानेवारीत मी परभणी जिल्ह्यातल्या मानवतची वाट धरली. वाघमारे नावाच्या एका गुरुजींचं कॉलेजला पोस्टकार्ड आलं होतं: 'आमच्या शाळेत मंगल नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे. बोलत नाही. पण वर्गाबाहेर पोरांच्या चपला जोडीने लावते, एकही जोडी चुकत नाही. लोक वेडी म्हणतात. मला पटत नाही. कोणी येऊन पाहील काय?' घरभेटीचा अहवाल सगळ्यांनाच लिहायचा होता. बाकीच्यांनी पुण्यातल्या पुण्यात पेठा वाटून घेतल्या. मी ते कार्ड उचललं.

देवगाव फाटा

औरंगाबादहून निघालेली एस.टी. दुपारी देवगाव फाट्याला थांबली. कंडक्टर म्हणाला, "धा मिन्टं." मी उतरले. चहा मागितला तर बोटभर उंचीच्या कपात पाक आला. मी म्हटलं, अहो, यात चहा कुठाय? हॉटेलवाला म्हणाला, "साखर कमी घातली तर मानूस रागावतंय, बाई." आमचा हा संवाद रंगला असतानाच पाठीमागे गाडी निघून गेली. पिशवी गाडीत. पिशवीत दोन पातळं, कार्बन पेपर आणि चाळीस प्रश्नांचा तो सायक्लोस्टाइल केलेला तक्ता.

मी जी तोंड सोडलं! कंडक्टरला, महामंडळाला, हॉटेलवाल्याला, सगळ्यांना एका माळेत ओवलं. बाकावर एक फेटेवाले आजोबा बसले होते. माझं संपेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "पिशवी कुडं जात न्हाई बाई. मानवतलाच उतरंल की."

"पिशवीला पाय असतात का उतरायला?"

"कुनीतरी उतरवंल. तुमी बसा निवांत. कामून परेशान व्हायलात?"

निवांत! कोकणातल्या माणसाला हा शब्दच परका. पण दीड तास दुसरी गाडी नव्हती, तेव्हा बसले. समोर काळी रानं आडवी पसरली होती, मधे करडई पिवळी झालेली, पलीकडे ज्वारी. नजर अडेल असं काही नाही. आमच्याकडे दहा पावलांवर वळण असतं, वळणाआड कोणाचं तरी घर असतं. इथे माणूस अर्ध्या कोसावरून येताना दिसतो आणि तो येऊन पोचेपर्यंत तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. मला नेमका तोच नको होता. आई जाऊन सात आठवडे झाले होते, आणि ते सगळे आठवडे मी घाईतच काढले होते. एका भिंतीवर 'नामांतर झालेच पाहिजे' असं निळ्या रंगात लिहिलेलं होतं. त्यावर कोणी चुना फासलेला, आणि चुन्यावर पुन्हा तेच लिहिलेलं. सगळं वाचून झालं तरी गाडी येईना.

मानवतच्या स्टँडवर उतरले तेव्हा उन्हं कलली होती. कापसाच्या गाड्या आडतीकडे चाललेल्या, रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरे पुंजके साठलेले. आणि स्टँडच्या पायरीवर, माझ्या पिशवीला टेकून, एक काळेसावळे, किडकिडीत गृहस्थ पेपर वाचत बसलेले.

"वाघमारे गुरुजी?"

"या म्याडम. पिशवी आली म्हनल्यावर मानूस येनारच," ते उठत म्हणाले. दोन गाड्या आल्या-गेल्या तरी ते हलले नव्हते. माझा राग कुठल्या कुठे गेला. आजोबांची माफी मागायला हवी होती, पण ते तर मागे फाट्यावरच राहिले.

चालता चालता गुरुजी घुटमळले. "आमच्या घरी ऱ्हायला चालंल का? आमी बौद्ध. न्हाईतर दुसरीकडं सोय करतो."

"गुरुजी, मला दोन वेळचं जेवण आणि अंथरूण पाहिजे. त्यात न चालण्यासारखं काय आहे?" मी जरा फणकाऱ्यानेच बोलले. ते हसले. त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, रात्री अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा वाढला. करडईच्या तेलाची धार त्यांनी भाजीवर अशी सोडली की आमच्याकडे तेवढ्यात आठवडा निघेल. पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ठेच्याने आलं असं मी सांगितलं. आईला अंबाडी फार आवडायची.

अंगण

गावाचं नाव सांगत नाही. ती माणसं तिथेच नांदतायत. कापूस टाकून परत निघालेल्या रिकाम्या बैलगाडीत आम्ही सकाळी बसलो. दत्तराव म्हणजे मंगलचे वडील, बेताच्या जमिनीचे शेतकरी. घरात त्यांची आई गयाबाई, बायको कौसाबाई आणि मंगल. मातीचं सारवलेलं अंगण, कडेला कापसाचा ढीग.

मंगल उंबऱ्यावर बसली होती. बोंडातून सरकी काढायची आणि उंबऱ्यावर ओळ लावायची, असं तिचं चाललं होतं. मी समोर जाऊन बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. एक सरकी माझ्या पदराशी घरंगळली, तेव्हा तिने माझं मनगट धरलं, माझाच हात त्या सरकीपर्यंत नेला आणि माझ्याच बोटांनी ती उचलवून घेतली. मग मनगट सोडलं. डोळे पूर्ण वेळ ओळीवर. मधू असाच माझा हात धरून पाण्याच्या तांब्यापर्यंत न्यायचा.

आमच्या शिक्षणाचा पहिला नियम: दिसलं तेवढंच लिहायचं. 'मुलगी हसली' असं लिहायचं, 'मुलीला आनंद झाला' असं नाही. दुसरा नियम: तक्त्यातले चाळीस प्रश्न क्रमाने विचारायचे, गाळायचे नाहीत, आणि खाली कार्बन घालून एक प्रत स्वतःजवळ ठेवायची. मी वही मांडीवर घेतली, कार्बन सरळ केला आणि कौसाबाईंना समोर बसवलं. तीस एक वर्षांची बाई, हाताची बोटं बोंडांनी चिरलेली. तोवर शेजारपाजारच्या बाया अंगणात येऊन टेकल्या होत्या. पुण्याहून म्याडम आली म्हणजे ऐकायला नको? गुरुजी ओसरीच्या बाहेर दगडावर बसले. त्यांचा चहा वेगळ्या, कान तुटलेल्या कपात आला. त्यांनी तो निमूट घेतला. मी पाहिलं आणि निमूट वहीत डोकं घातलं.

पहिले दहा प्रश्न बरे गेले. नाव, वय, बाळंतपण. मग अकरावा आला: मूल सहा महिन्यांचं असताना आई त्याच्यापासून किती वेळ दूर असे?

"येचनीला जायाची की," कौसाबाई म्हणाल्या. "दिसभर."

बारावा: मूल रडल्यावर आई लगेच उचलून घेई का?

"रानात असल्यावर कसं उचलू?"

तेरावा: मुलाला जवळ घेताना आईला कंटाळा येई का?

कौसाबाईंनी चिरलेली बोटं पदरात घेतली. आणि उघड्या दारातून दिसणाऱ्या चुलीपाशी बसलेल्या गयाबाई टाळी वाजवल्यासारखा हात मारून म्हणाल्या, "बगा! म्या काय म्हनायले हुते? शेरातल्या डाक्टरनं बी हेच सांगितलं दत्त्याला. आईनं माया लावली न्हाई म्हनून पोरगी थंडी पडली. आता म्याडमबी तेच इचारायली!"

बायांनी माना हलवल्या. एकीने मला ऐकू जाईल असं दुसरीच्या कानात सांगितलं की कापूस उरकला की कौसाला माहेरी धाडणार आहेत, कायमची. मंगल इथेच राहील आजीपाशी, दत्तरावाला दुसरी बघायचं चाललंय. दत्तराव कापसाच्या ढिगाशी उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. कौसाबाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं.

तिथे मी वही मिटायला हवी होती. कोणीही शहाणं माणूस मिटेल. मी काय केलं? चौदावा प्रश्न विचारला. मग पंधरावा. प्रश्न गाळायचे नाहीत, असं आम्हाला शिकवलं होतं ना! चाळीसही प्रश्न भर अंगणात, सासूसमोर आणि गावासमोर, ठणठणीत आवाजात विचारून पुरे केले. प्रत्येक उत्तर कौसाबाईंच्या गळ्यात एकेक धोंडा बांधत होतं आणि मी सुवाच्य अक्षरात ते टिपून घेत होते.

परतताना गाव मागे पडल्यावर गाडीत गुरुजी म्हणाले, "म्याडम, राग मानू नका. तुमी परीक्षा घ्यायला आलात का मदत करायला?"

मी वही पिशवीच्या तळाशी सरकवली.

हुरडा

दुसऱ्या दिवशी कौसाबाईंनीच निरोप धाडला, म्याडमना हुरडा खायला रानात आणा. काल एवढं झाल्यावर! गुरुजी म्हणाले, "पाव्हना आला आन हुरडा न खाता गेला, असं इकडं होत न्हाई." मी मान खाली घालून गेले.

बांधावर खड्डा खणून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. ज्वारीची कोवळी कणसं त्यात खुपसायची, भाजली की तळहातांवर गरम गरम चोळायची. पाटीत हिरवे दाणे पडतात, दुधाने भरलेले. वर शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे कोकणात मडक्यात शेंगा भाजून पोपटी करतात, पण हे काही निराळंच. मी इतका खाल्ला की कौसाबाई हसल्या. मंगल थोडी दूर, दाणे काढलेल्या रिकाम्या कणसांची ओळ लावत होती. गुरुजी बैलांना पाणी दाखवायला विहिरीकडे गेले.

कणीस चोळता चोळता, माझ्याकडे न बघता कौसाबाईंनी विचारलं, "बाई, खरं सांगा. माझ्यामुळं झालं का?"

तिसरा नियम: प्रशिक्षणार्थीने निदानाबद्दल बोलायचं नाही. मी कणीस चोळत राहिले. त्या थांबल्या नाहीत. "मला दुसरं काय बी नगं. मला माहेरी धाडतील तर धाडतील. पर हिला म्याच असं केलं आसंल, तर मंग मला हिच्यासाठी रडायचा बी हक न्हाई. एवडंच सांगा."

मग मात्र माझा बांध फुटला. तक्ता नाही, कार्बन नाही, रडत रडत या अनोळखी बाईला मी ते सांगितलं जे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले होते. नवं शिकलेलं डोक्यात भरलेलं, कधी एकदा आईला सांगते असं झालेलं. मधू असा का, हे तीस वर्षं कोणाला कळलं नव्हतं आणि आता माझ्या वहीत लिहिलेलं होतं! तिन्हीसांजेला आई पाटावर बसली होती, मधूला वाचून दाखवायला काहीतरी शोधत. मी म्हटलं, आज मी वाचते. आणि मोठ्या बाईंनी सांगितलेली टिपणं मी तिला वाचून दाखवली. आईच्या मायेचा ओलावा सुरुवातीला न मिळाल्याने मूल आतल्या आत मिटून जातं, वगैरे. अक्कल गहाण टाकली होती मी. मधू तीन महिन्यांचा असताना आई तापाने सहा आठवडे अंथरुणाला खिळली होती आणि तो मावशीच्या अंगावर वाढला होता. हे मला माहीत होतं. तरी वाचलं. आईने हाताला लागलेला पुडीचा कागद बाजूला ठेवला. म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं म्हणायचं." आणि उठून भाताचं आधण ठेवलं.

मी गेल्यावर काय झालं ते मावशीने नंतर सांगितलं. आई रोज मधूला जवळ घ्यायला लागली. तीस वर्षांचा बाप्या, ज्याला अंगाला हात लावलेला कधी सोसत नाही, आणि ते तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तो किंचाळायचा, तिला ढकलायचा. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा. म्हणायची, राहिलेलं भरून काढतेय. तिच्या हातावर त्याच्या चाव्याचे वळ होते. मार्गशीर्षात ती झोपेतच गेली. दिवस करून मी पुण्याला परतले, आणि त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजातल्या एका तरुण सरांनी वर्गात नवी पुस्तकं आणली. म्हणाले, आईला दोष द्यायची ही समजूत आता जाणत्या लोकांनी सोडून दिलीय. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते; कोणाच्या मायेचा इथे संबंध नाही. तक्ता मात्र जुनाच राहिला. छापून झाला होता ना.

कौसाबाईंच्या हातातलं कणीस गार झालं होतं. त्या म्हणाल्या, "मंग तुमच्या आईला सांगायचंच ऱ्हाऊन गेलं?"

"राहून गेलं."

"मंग मला सांगा."

मी सांगितलं. तुमच्यामुळे नाही. वेचणीला गेलात म्हणून नाही, उचललं नाहीत म्हणून नाही. काहीच केलं नसतंत तरी मंगल अशीच असती.

त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने डोळे पुसले आणि एकदम व्यवहारी आवाजात म्हणाल्या, "नुसतं मला सांगून काय उपेग? इचारलं सगळ्यांपुडं, तर सांगा बी सगळ्यांपुडं. आन लिहून द्या. माझं कोन ऐकतंय? कागदाचं ऐकतेत."

पुन्हा अंगण

त्याच संध्याकाळी गुरुजींच्या घरी बसून मी कागद तयार केला. सवयीने खाली कार्बन घातला. चारच वाक्यं लिहिली: 'मी मंगलला जवळून पाहिले. तिची ही अवस्था जन्मापासूनची आहे. आई याला कारणीभूत नाही. घरातले कोणीही नाही.' खाली सही, आणि सहीखाली 'प्रशिक्षणार्थी'. तो शब्द गुरुजींनी वाचला आणि गालातल्या गालात हसले. "ह्याला शिक्का पायजे. बिगरशिक्क्याचा कागद गावात चालत न्हाई." आणि त्यांनी कपाटातून शाळेचा गोल शिक्का काढून, तोंडाची वाफ देऊन, सहीशेजारी ठोकला. मी म्हटलं, गुरुजी, वर कोणाला कळलं तर? ते म्हणाले, "शाळेची मुलगी हाय, शाळेचा शिक्का. बगू की."

सकाळी अंगणात पोचलो. परवाच्याच बाया, तेच बसणं. गुरुजी आपल्या दगडाकडे वळत होते, तेवढ्यात मंगल आली. तिची सरकीची डबी आत फळीवर होती. तिने गुरुजींचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत ओसरी ओलांडून, उंबरा ओलांडून, थेट चुलीशेजारच्या फळीपर्यंत नेलं. त्यांच्याच हाताने डबी काढवून घेतली. गयाबाईंनी तोंड उघडलं. मंगल डबी छातीशी धरून खाली बसली, तसं त्यांनी ते मिटलं. गुरुजी बाहेर येऊन, या खेपेला, ओसरीवरच टेकले. कोणी त्यांना उठवलं नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, परवा मी इथे प्रश्न विचारले. ते प्रश्न जुने आहेत आणि चुकीचे आहेत. मी ते विचारायला नको होते. उत्तर काय आहे ते आता वाचते. आणि चारही वाक्यं वाचली.

मग कौसाबाई म्हणाल्या, "पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. सावकाश. शिक्का सगळ्यांना दाखवला.

दत्तरावांनी हात पुढे केला, कागद घेतला, बराच वेळ पाहिला. गयाबाई चुलीपाशी बसल्या होत्या; त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता भडकणार. पण त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "आईमुळं न्हाई. मंग कुनाकडून आलं?"

"कोणाकडून नाही, आजी."

"माझा भाऊ असाच हुता," त्या म्हणाल्या. "नारायण. बोलायचा न्हाई. दिसभर खडे मांडायचा. लग्नात माझ्या बापानं लपवलं, आन म्या बी कुनाला सांगितलं न्हाई, दत्त्याच्या बापाला सुदिक न्हाई. ही पोरगी खडे मांडाया लागली तवा माझं काळीज लटकन हाललं. वाटलं, आता समदे म्हनतेन, म्हातारीच्या रगतातून आलं." त्या कौसाबाईंकडे बघत नव्हत्या. "म्हनून तुझ्यावर लोटलं गं."

मी शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हणाले: घरातले कोणीही नाही. कौसाबाई उठल्या. मला वाटलं, आत निघून जातील. त्यांना तो हक्क होता. त्यांनी तांब्या भरून सासूपुढे ठेवला आणि शेजारी बसल्या. दत्तरावांनी कागदाची घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. म्हणाले, "कापूस झाल्यावर बगू म्हनलं हुतं. ऱ्हाऊ द्या आता. कुनी कुडं जात न्हाई." एवढंच. मग चहा आला. गुरुजींचा कप धड होता की कान तुटका, ते बघायचं मी विसरले. याची मला अजून चुटपुट आहे.

निघताना कौसाबाईंनी माझ्या पदराच्या टोकाला हुरडा बांधून दिला. म्हणाल्या, "परत या बाई." मी हो म्हटलं. अजून जाणं झालेलं नाही. थंडी पडली की मात्र तळहात चुरचुरतात आणि त्या आगटीचा धूर नाकात येतो.

चिपळूण

पुण्यात न थांबता थेट घरी गेले. मोठ्या बाईंची लाल शाई नंतर व्हायचीच होती, तिची मला फिकीर उरली नव्हती.

तिन्हीसांज होत होती. मावशी म्हणाली, मधू रोज यावेळी स्वयंपाकघराच्या दाराशी आईचा पाट मांडतो, समोर बसतो, आणि थोड्या वेळाने उचलून ठेवतो. रडत नाही, काही नाही. तेव्हाही पाट मांडलेला होता. मी त्याच्यासमोर तिकिटं ठेवली: औरंगाबाद, देवगाव फाटा, मानवत, येतानाची वेगळी. त्याने माझ्याकडे न बघता ती ओढून घेतली आणि भोकं जुळवायला लागला. तिकिटांबरोबर पिशवीच्या त्याच कप्प्यातून कार्बनची निळी प्रत बाहेर आली होती. तिला भोक नव्हतं. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली, ओळीतून बाजूला काढली आणि रिकाम्या पाटावर नेऊन ठेवली. वाचायचे कागद तिथेच जात असत.

मी पाटासमोर बसले. आई, म्हटलं, आणि पुढे शब्द फुटेना. मग कागद उचलला आणि वाचला. 'आई याला कारणीभूत नाही.' आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच ऐकू आला नसेल.

मधूने तिकिटांवरून मान वर केली नाही. म्हणाला, "पुन्हा."

मी पुन्हा वाचलं, मोठ्याने.